गुरुवारचा वीकेंडर

भोसरी एमआयडीसीत रविवार गुरुवारी येतो. नव्या माणसाला हे सांगितलं की तो आधी आमच्या तोंडाचा वास घेतो, पण तसलं काही नाही. सगळ्या कारखान्यांनी एकाच दिवशी टाळं लावलं तर सहा दिवस विजेची मारामारी आणि सातव्या दिवशी वीज नुसती पडून. म्हणून वीज मंडळाच्या काळात वसाहतींना सुट्ट्या वाटून दिल्या. आमच्या वाट्याला गुरुवार आला. तेव्हापासून रविवारी आम्ही गाळ्यात आणि बायकामुलं घरी, गुरुवारी आम्ही घरी आणि ती शाळेत-ऑफिसात. भोसरीतले संसार याच कारणाने टिकून आहेत, असं माझ्याकडचा सेटर म्हणतो. त्याच्या बायकोचंही तेच मत आहे म्हणे.

त्यामुळे नोव्हेंबर २०२२ मध्ये भाच्याने जेव्हा विचारलं, "मामा, वीकेंडरला येणार का?" तेव्हा मी विचारलं, "कुठल्या गुरुवारी?"

भाचा आकुर्डीला इंजिनिअरिंग शिकतो, म्हणजे शिकतो असं त्याचे वडील म्हणतात. त्याच्या मित्राने आयत्या वेळी अंग काढून घेतलं होतं आणि एनएच सेव्हन वीकेंडर नावाच्या गाण्यांच्या जलशाचं एक तिकीट वाया चाललं होतं. वाया जाणाऱ्या वस्तूला नाही म्हणणं आमच्या घराण्यात नाही. शनिवारी डिस्पॅच होता. परचेसच्या साहेबांना फोन करून सांगितलं, "भाच्याचं लग्न आहे, माल सोमवारी देतो." ते म्हणाले, "बरं, बरं, अभिनंदन." भाच्याचं वय तेव्हा एकोणीस.

या जलशाच्या नावापासूनच माझी पंचाईत सुरू झाली. एनएच सेव्हन म्हणजे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक सात. तो वाराणसीहून निघून नागपूरमार्गे कन्याकुमारीला जायचा. पुण्याकडे ढुंकूनही बघत नव्हता. आमच्या दारातून जातो तो पुणे–नाशिक रस्ता, त्याचा जुना नंबर पन्नास. त्यात गंमत अशी की, ज्या २०१० साली हा वीकेंडर पुण्यात सुरू झाला त्याच साली सरकारने देशभरातल्या महामार्गांचे नंबर बदलले. जुना सात बराचसा चव्वेचाळीसात गेला, आमचा पन्नास साठ झाला. भाचा म्हणाला, "मामा, ते नाव आहे, पत्ता नाही." चलनावरचा पत्ता चुकला म्हणून हैदराबादहून परत आलेला माल ज्याने स्वतः उतरवून घेतलाय, त्याला हा खुलासा पटत नाही.

मग त्याने कलाकारांची यादी दाखवली. सगळ्यात वर, सगळ्यात मोठ्या अक्षरात: द लुमिनिअर्स. आता लुमिनिअर म्हणजे दिव्याचं फिटिंग. मी स्वतः तीन वर्षं लुमिनिअरच्या ब्रॅकेटी दाबून दिल्या आहेत. मला वाटलं, हे स्टेजच्या दिव्यांचे ठेकेदार असणार आणि आयोजकांनी मोठ्या मनाने त्यांचं नाव वर टाकलं असणार. सप्लायरला इतका मान देणारी माणसं अजून शिल्लक आहेत म्हणून मला भरूनच आलं. नंतर कळलं की तो अमेरिकेतला बँड आहे. ब्रॅकेटचा विषय मी परत काढला नाही.

जाता जाता भाच्याने माझा क्लास घेतला. भोसरीहून नाशिक फाटा, औंध, बाणेर असं जायचं म्हटलं की क्लासला वेळ भरपूर मिळतो. पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी ही दिल्लीची. कंपनी म्हटल्यावर माझ्या तोंडून "प्रोप्रायटर कोण?" निघून गेलं. तो बँड आहे. थैक्कुडम ब्रिज हा केरळमधला पूल नसून बँड आहे. व्हेन चाय मेट टोस्ट हे हॉटेल नाही, बँड आहे. द लोकल ट्रेन हाही बँडच. आम्हा भोसरीकरांना लोकल धरायला कासारवाडीला जावं लागतं, त्यामुळे गावात आली तर ही एवढीच येईल. आणि मुंबईचा एक बँड आहे, भयानक मौत. त्या नावाचं पोस्टर मी पॉवर प्रेसच्या वर लावायला एका पायावर तयार आहे. सेफ्टी ऑडिटवाले खूश होतील.

"आणि हे सगळे तुझे शोध?" मी विचारलं.

"नाही ना, हे आता सगळ्यांना माहीत आहेत," तो म्हणाला. त्याच्या आवाजात जे दुःख होतं ते मी याआधी एकदाच ऐकलं होतं, त्याच्या आजीला स्वस्त कांद्याचा दुकानदार शेजारणीने शोधून काढला तेव्हा.

या मुलांचा हा एक वेगळाच आजार आहे. बँड आवडणं महत्त्वाचं नाही, तो आधी आवडणं महत्त्वाचं. प्रतीक कुहाडचं उदाहरण घ्या. बराक ओबामांनी २०१९ च्या आवडत्या गाण्यांच्या यादीत त्याचं 'कोल्ड/मेस' टाकलं. देशभर आनंदीआनंद. भाचा मात्र चार दिवस घुम्यासारखा. म्हणे, मी त्याला अकरावीपासून ऐकतोय. म्हणजे अमेरिकेच्या माजी राष्ट्राध्यक्षाने आमच्या पोराचा नंबर मागून पुढे येऊन घेतला, रेशनच्या रांगेत घेतात तसा.

यावर इलाज एकच आणि तो भाच्याने शास्त्र म्हणून सांगितला: रात्रीच्या मोठ्या बँडसाठी यायचंच नसतं. दुपारी तीनला यायचं, कडेच्या स्टेजसमोर उभं राहायचं, माणसं कमी असतील तिथे. पुढेमागे तो बँड मोठा झाला की म्हणायचं, "आम्ही यांना ऐकलं तेव्हा समोर बारा माणसं होती." या एका वाक्यासाठी मुलं नोव्हेंबरच्या उन्हात उभी राहतात. पुण्यात ही विद्या जुनीच आहे म्हणा. सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून चालू आहे आणि तिथेही खरा जाणकार संध्याकाळच्या दिग्गजाबद्दल बोलत नाही, तो म्हणतो, "दुपारी पहिला गायला ना, तो मुलगा लक्षात ठेवा." फरक इतकाच की सवाईतला जाणकार हे सतरंजीवर बसून, डबा उघडून म्हणतो.

आत शिरताना मनगटाला पट्टा बांधला. त्यालाही बँडच म्हणतात, म्हणजे मी शोधलेला पहिला बँड तोच. त्यात चिप, चिपमध्ये पैसे, काही खायचं-प्यायचं झालं की पट्टा टेकवायचा. खिशात हात न घालता पैसे जाण्याचा अनुभव मला लग्नापासून आहे, त्यामुळे जमलं लगेच. भाच्याने फोनमध्ये वेळापत्रक तयार ठेवलं होतं, रंग देऊन: हिरवं म्हणजे ऐकायचंच, पिवळं म्हणजे पंधरा मिनिटं, लाल म्हणजे सगळ्यांना माहीत आहे. इतकं चोख प्रॉडक्शन प्लॅनिंग माझ्या गाळ्यात तेवीस वर्षांत झालेलं नाही. फक्त प्लॅनमध्ये मामाचा गुडघा धरला नव्हता. तिसऱ्या स्टेजबदलाला मी त्याला म्हटलं, "तू हो पुढे, मी सावली बघतो."

सावली मिळाली ती एका लहान स्टेजच्या कडेला. तिथे चार पोरं वाजवत होती आणि समोर अकरा माणसं होती. मी मोजली, मोजायची सवय आहे, बॉक्समध्ये किती पीस ते बघायचंच. अकरातल्या चौघांच्या पाठीला गिटारच्या रिकाम्या पिशव्या, म्हणजे ती घरचीच माणसं. माझ्यासकट बारा. माझं लक्ष गाण्याकडे नव्हतंच. बेस गिटार वाजवणाऱ्या मुलाच्या डाव्या बुटाची नाडी सुटली होती आणि तो दर चार ठोक्यांनी तिच्यावर उजवा पाय देत होता. आता पडतो, मग पडतो. दोन गाणी मी श्वास धरून नाडी बघितली. तिसऱ्या गाण्यात कधीतरी नाडी विसरलो. काय झालं ते नीट सांगता येत नाही. गाणारी मुलगी मध्येच थांबली, ड्रमही थांबला, आणि नुसता तो बेस, तीन सूर, पुन्हा तेच तीन सूर, आमच्या जुन्या शेपर मशीनसारखा जाऊन-येऊन, जाऊन-येऊन. पुढे जाताना जोर, मागे येताना हलका. आणि मग सगळे एकदम आत आले तेव्हा माझ्या हातातलं लिंबू सरबत माझ्याच शर्टावर होतं.

भाचा आला तोवर पोरं तारा गुंडाळत होती.

"कोण होते, मामा?"

"माहीत नाही."

"नाव नाही विचारलंत?"

नाव विचारायचं असतं हे मला सुचलंच नव्हतं. त्याने वेळापत्रक काढलं: कुठलं स्टेज? किती वाजता? माझा फोन बंद पडलेला, आणि स्टेज मी ओळखत होतो ते "फिरत्या शौचालयाजवळचं", आणि तशी तिथे दोन होती. मी त्याला नाडीची खूण सांगितली. रात्री सगळी दुनिया लुमिनिअर्ससाठी धावत असताना आम्ही दोघं गर्दीत उलट्या दिशेने लोकांचे बूट बघत फिरत होतो. तो बँड मला आजतागायत सापडलेला नाही. समोर बारा माणसं होती एवढं मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो, फक्त कोणासमोर ते सांगू शकत नाही. भाच्याच्या मते ही त्याच्या आयुष्यातली सगळ्यात करुण गोष्ट आहे.

घरी येताना तो गप्प होता म्हणून त्याला मी आमच्या रस्त्याची गोष्ट सांगितली. साठेक किलोमीटर पुढे, याच नाशिक रस्त्यावर, नारायणगाव आहे. विठाबाई नारायणगावकरांचं गाव. तिथे गुढीपाडव्याच्या सुमाराला तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. प्रत्येक राहुटीवर फडाचा बोर्ड, आत मॅनेजर, त्याच्यापुढे वही. चैत्र-वैशाखातल्या जत्रा तोंडावर आलेल्या असतात, म्हणून गावोगावचे कारभारी टोप्या सावरत येतात आणि या राहुटीतून त्या राहुटीत फिरतात: तुमचा किती, त्यांचा किती, वग कुठला, तारीख मोकळी आहे का. घासाघीस होते, चहा होतो, सुपारी ठरते. आमच्या भोसरीतही भैरवनाथाची जत्रा भरते; तेव्हा या धंद्यातलं शहाणपण आम्हाला अगदीच परकं नाही. मी भाच्याला म्हटलं, तुमचं ते रंगीत वेळापत्रक म्हणजे राहुटीतली वहीच. आणि फडांची नावं ऐक: 'रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर'. तुम्ही ज्याला 'फीचरिंग' म्हणून कंसात टाकता, त्याला आमच्या रस्त्यावर पूर्वीपासून 'सह' म्हणतात, आणि ते कंसात नाही, बोर्डावर मोठ्या अक्षरात असतं.

"पण मामा, ते इंडी नाहीत," भाचा म्हणाला.

इंडी म्हणजे काय, तर कुठल्या बड्या कंपनीच्या जिवावर नाही, आपला पैसा, आपला माल, आपलीच गाडी. म्हणजे तंबू, ट्रक आणि चार-दोन डझन माणसांचं जेवण स्वतःच्या अंगावर घेऊन गावोगाव जाणारा फड इंडी नाही, आणि वडिलांच्या स्विफ्टमधून गिटार आणणारा आहे. मी वाद घातला नाही. गाडी त्याच्या वडिलांची होती.

इथवर सगळं विसरून गेलो असतो. पण पुढच्या जानेवारीत एका गुरुवारी मी डाय विसरलो म्हणून गाळ्यावर गेलो. गुरुवारचा एस ब्लॉक बघण्यासारखा असतो. प्रेस बंद, ग्राइंडर बंद, टेम्पोवाले झाडाखाली पत्ते कुटतात, कुत्री रस्त्याच्या मधोमध झोपतात. कुलूप काढतोय तर शेजारच्या बाराव्या गाळ्यातून आवाज. तो गाळा पावडर कोटिंगवाला सोडून गेल्यापासून रिकामा होता. शटर अर्धं उघडं, आणि आत तीन मुलं आणि एक मुलगी, ड्रमचा सेट, भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवलेले.

मी आधी खाली बघितलं. बेसवाला चपलेत होता. म्हणजे हे ते नव्हेत.

त्यांची कहाणी साधी होती. पिंपळे सौदागरच्या सोसायटीत वाजवलं की दहाव्या मिनिटाला सेक्रेटरी दारात. कोणीतरी सांगितलं, भोसरीला जा, तिथे आवाजाची तक्रार करायला कोणाचे कान शिल्लक नाहीत. महिना साडेचार हजारात गाळा मिळाला. पण आठवडाभर शेजारच्या प्रेसचा ठोका चालू असायचा, म्हणजे माझाच. ड्रमवाला म्हणाला, "काका, आम्ही बुधवारी वाजवायला बसलो ना, तर तुमच्या मशीनच्याच स्पीडला गाणं जायचं. आणि ऑपरेटर चहाला गेला की आमचं गाणं बंद पडायचं." म्हणून त्यांनी गुरुवार धरला. म्हणजे भोसरीचा वीकेंडर माझ्या भिंतीपलीकडे भरत होता आणि मी दर गुरुवारी घरी बसून टीव्ही बघत होतो.

त्यांच्या स्पीकरमधून एक गुणगुण येत होती, सतत, न थांबता. ते म्हणाले, स्पीकर जुना आहे. मी म्हटलं, स्पीकर चांगला आहे, हे अर्थिंग आहे. एक अ‍ॅम्प्लिफायर पुढच्या बोर्डावर, दुसरा मागच्या बोर्डावर, दोघांना आपापलं अर्थिंग आणि मध्ये दोघांना जोडणारी तुमची केबल. करंटला फिरायला तुम्ही फुकटचा रिंगरोड करून दिलाय. सगळं एका बोर्डावर घ्या. घेतलं आणि गुणगुण गेली. मग बेसवाला हळूच म्हणाला, "काका, आम्ही त्यालाच सूर लावत होतो." आणि खरंच होतं ते. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते. पेटीवरच्या पांढरी पाचचा खोल खर्ज एकोणपन्नासचा. म्हणजे एमआयडीसीतला प्रत्येक ट्रान्सफॉर्मर चोवीस तास पांढरी पाच धरून उभा आहे, जरासा चढा. मी तेवीस वर्षं तानपुऱ्यात बसलोय आणि मला कोणी सांगितलं नाही.

त्यानंतरचे गुरुवार मी गाळ्यावर काढू लागलो. बायकोला सांगितलं, डायचं काम आहे. वाजवतात कसे? पहिला पीस दर वेळी रिजेक्ट, दुसरा रीवर्कला, तिसरा कधीकधी ओके. एक गाणं कुकरच्या शिट्ट्या मोजण्यावर आहे आणि ते मराठीत आहे, आणि मी ते इतक्या वेळा ऐकलंय की घरी तिसऱ्या शिट्टीनंतर माझा हात आपोआप ताल धरायला उठतो. बायको बघते. कधी लाइनच्या दुरुस्तीचं काम गुरुवारीच निघतं, वीज जाते. तेव्हा ते शटर पूर्ण वर करतात आणि बिनविजेचं वाजवतात. मग पत्तेवाले टेम्पोवालेही वळून बसतात.

आमच्या गेटवरचा वॉचमन जुन्नरकडचा. तरुणपणी चार हंगाम एका फडाबरोबर हिंडलेला, वाजवायला नाही, राहुटी ठोकायला. त्याने पोरांची पहिल्याच दिवशी उलटतपासणी घेतली.

"सुपारी किती घेता?"

"अजून काही नाही."

"मंग गाळ्याचं भाडं?"

"आम्हीच देतो, चौघांत."

त्याने त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "म्हंजी पैसं देऊन वाजिवता?" हा धक्का त्याला पुढे बरेच आठवडे पुरला. गेटच्या वहीत मात्र त्याची अडचण झाली. 'कंपनीचे नाव' या रकान्यात काय लिहायचं? पोरांना नावच नव्हतं. आठ महिने त्यावर भांडण चालू होतं. एकाला इंग्रजी हवं, एकीला मराठी, ड्रमवाल्याला कुठलंही पण आधी कोणी घेतलेलं नको. वॉचमनने त्यांना नाव कसं असावं ते समजावलं: "दोन वळी भरल्या पाहिजेत बोर्डावर. आन् मधी 'सह' पाहिजे, त्याबिगर वजन येत न्हाई." आणि वहीत स्वतःच्या अक्षरात लिहून टाकलं: 'गाळा नं. १२ सह शेजारी'. शेजारी म्हणजे मी.

भाच्याला मी महिनाभर काही सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा सहज सांगितलं, मोबाइलकडे बघत, त्याच्याच पद्धतीने. तो ताडकन उठला. "मामा, तुम्ही शोधलात?"

"मी ऐकलं तेव्हा समोर फक्त मी आणि कॉम्प्रेसर होतो," मी म्हटलं. "आणि कॉम्प्रेसर बंद होता."

आता त्यांना एका कॉलेजच्या कार्यक्रमात जागा मिळाली आहे. वेळ दुपारी दोन चाळीस, जेवणानंतरची, सगळे पेंगत असतात तेव्हाची. भाच्याच्या दृष्टीने सर्वोत्तम. पोस्टर आलंय. सगळ्यात खाली, मुंगीएवढ्या अक्षरात, पण पूर्ण दोन ओळी भरून: गाळा नंबर बारा सह शेजारी. वॉचमनला दाखवलं तर म्हणाला, बिदागी आधी घ्या.

वार शनिवार. आणि त्या शनिवारी डिस्पॅच आहे. मी परचेसच्या साहेबांना फोन लावला.

"साहेब, माल सोमवारी दिला तर चालेल का? शनिवारी जरा लग्न आहे."

"चालेल की. कोणाचं?"

"भाच्याचं."

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग साहेबांनी एकदम खालच्या पट्टीत विचारलं, "पहिलीचं काय झालं हो?"